रिकाम्या सीटचं वजन

खरं मानायचं की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. पण जिलियन थापा मारणारी बाई नाही. आणि थापा रचायला जो उत्साह लागतो, तो तर तिच्यात तेव्हा अजिबात उरला नव्हता.

नोव्हेंबरमधली दुपार. इंग्लंडमध्ये, लिंकनशायरमधली जुनी धावपट्टी.

महायुद्धात इथून बाँबफेकी विमानं उडायची. आता दोन्ही बाजूंना बीटची शेतं आहेत, आणि मधल्या काँक्रीटवर मोटारींच्या मासिकांची माणसं नव्या गाड्या पळवून बघतात.

जिलियन, म्हणजे आपली जिल, हे काम कित्येक वर्षं करत होती. तिचा नवरा बर्ट नेहमी शेजारी बसून वेळ मोजायचा. मार्चमध्ये तो गेला. हॉस्पिटलात झिजत झिजत गेला. तेव्हापासून जिल कामावर यायची आणि घरी जायची. बस.

त्या दिवशी दोन गाड्या होत्या. एक लाल, पेट्रोलवर गुरगुरणारी. दुसरी पांढरी, विजेवरची. सरळ रेषेत आधी कोण वेग पकडतं, एवढंच बघायचं होतं.

"पांढरीच जिंकणार," कॉलम म्हणाला. हा तिचा कामातला जोडीदार, ग्लासगोचा, तोंडाने फटकळ. "निकाल इथेच लिहू आणि पबमध्ये जाऊन बसू. काय म्हणतेस?"

"पळवू रे बाबा. मग घरी जाऊ."

"घरी जाऊन तू काय करणार आहेस?"

कॉलमने जीभ चावली.

जिल पांढरीत बसली. कॉलम लालमध्ये. वॉकीटॉकीवर त्याने आकडे मोजले... आणि दोघं सुटले.

पांढरी सुटताना आवाज करत नाही. नुसती पाठ सीटमध्ये रुतते. म्हणूनच तिला ते स्पष्ट ऐकू आलं...

टिंग... टिंग... टिंग...

समोर लाल दिवा लागला होता. शेजारच्या माणसाने पट्टा लावलेला नाही.

शेजारी कुणीच नव्हतं.

सीटवर बॅगेचं वजन पडलं तरी हा दिवा लागतो. पण बॅग तर शेडमध्येच राहिली होती.

लाल गाडी थोडक्यात पुढे गेली. जी पांढरीला कधीच गाठू शकली नसती, ती.

"अगं, झोपलीस की काय?" कॉलम हसत ओरडला.

त्यांनी टायर बघितले. बॅटरी बघितली. सगळं ठीक होतं. पुन्हा पळवल्या. पुन्हा तेच.

टिंग... टिंग...

"गाडीत खोट आहे," कॉलम म्हणाला. "चल, अदलाबदल करू."

आता जिल लाल गाडीत आली. दार लावलं. इंजिन सुरू केलं.

आणि...

टिंग.

तिने हळूच मान वळवली. सीट रिकामी होती. पण त्या बाजूच्या काचेवर, माणसाचं तोंड येईल तितक्या उंचीवर, वाफ धरली होती. विरायची. परत धरायची.

दोघं सुटले. पांढरी बाणासारखी निघून गेली. लाल मात्र जडशीळ. मागून कुणी धरून ठेवल्यासारखी.

वॉकीटॉकीवर कॉलमचा आवाज आला. आता त्यात हसू नव्हतं.

"जिल... कुणाला घेऊन बसली आहेस? गाडीत एक अख्खा माणूस जास्त असल्यासारखी ओढतेय ती."

जिलने हात लांब करून शेजारचा पट्टा ओढला आणि खटक्यात अडकवला.

घंटी बंद झाली.

मग ती एकटीच पुन्हा सुटली. का, ते तिला आजही सांगता येत नाही. धावपट्टीच्या टोकाला तिने करकचून ब्रेक दाबला.

शेजारचा पट्टा ताणला गेला.

सीटपासून वीतभर पुढे... हवेत... एखाद्या छातीवर ताणला जावा तसा.

मग सावकाश मागे गेला. कुणी टेकून बसावं तसा.

तिने इंजिन बंद केलं. वारा पडला होता. शेतातले कावळेही गप्प होते.

"बर्ट?"

काही नाही.

भीती वाटायला हवी होती. ती म्हणते, भीती नाहीच वाटली. नुसता थकवा आला. हॉस्पिटलातल्या त्या खुर्चीत काढलेल्या रात्री, नंतर भेटायला येणाऱ्यांची तीच तीच वाक्यं, आणि आता हे. कुणाचंही काही करायला तिच्यात त्राण नव्हतं.

ती उतरली. वळसा घालून पलीकडे गेली. दार उघडलं. पट्टा सोडला.

"उतर," ती म्हणाली. "थकले रे मी आता."

क्षणभर काहीच नाही...

मग त्या बाजूने गाडी बोटभर वर उचलली गेली. कुणी उतरल्यावर उचलली जाते तशी.

जिलने दार लावून घेतलं. मागे वळून बघितलं नाही.

त्यानंतर दोन्ही गाड्या जशा पळायला हव्यात तशाच पळाल्या. पांढरी जिंकली. थर्मासमधला उरलेला चहा कॉलमने तिला दिला.

त्या रात्री जिल गाढ झोपली. मार्चनंतर पहिल्यांदा.

सकाळी जाग आली आणि तिला आठवलं.

बर्टला थंडी अजिबात सोसायची नाही. मोजे घालून झोपणारा माणूस. आणि त्याला तिने त्या उघड्या माळावर उतरवलं होतं.

कॉलमला तिने हे सांगितलं.

"तो बर्टच होता कशावरून?" तो म्हणाला. "युद्धात तिथून उडालेली किती पोरं परत आली नाहीत, माहीत आहे ना तुला? त्यातलाच एखादा असेल. घरी जायचं असेल बिचाऱ्याला."



जिलने ते काम सोडलं. विचारलं तर पाठ दुखते म्हणून सांगते. पण अधूनमधून, रविवारी, ती आपली जुनी गाडी घेऊन त्या धावपट्टीच्या फाटकाशी जाते. फाटकाला कुलूप असतं. ती शेजारचं दार उघडते आणि वाट बघत बसते. बीटच्या शेतावरून गार वारा आत येत राहतो.

मग मनात येतं... आता कुणी येऊन बसलं, तर ते नक्की कोण असेल?

आणि ती घाईघाईने दार ओढून घेते.