तुमसर की अमरकंटक

छोट्या लाइनची गाडी यायला वेळ होता आणि तेजरामजींच्या घरच्यांनी बालाघाट स्टेशनचा अर्धा फलाट सामानानं अडवला होता. वळकट्या, ट्रंक, कुरड्यांचा डबा, लोणच्याची बरणी आणि वर ऐटीत बसलेली पाण्याची सुरई. दर मे महिन्यात हा संसार गोंदियामार्गे तुमसरला, मामाच्या घरी जायचा. त्यांच्या मुलीला, अंजनाला, दुसरी सुटी ठाऊकच नव्हती. आता ती मुलींच्या शाळेत शिकवत होती, पण सुटी तीच राहिली होती.

तेवढ्यात एक सायकल आडवी झाली. तिच्या मागे तंबू, तवा, दोरी असं काय काय बांधलेलं होतं. तोल गेला, आणि सगळा बोजा नेमका सुरईवर आला.

"माफ करा... गाडीत चढवायले नेऊन राह्यलो होतो," सायकलवाला म्हणाला. उन्हानं रापलेला चेहरा, केसांत धूळ.

"आता गोंदियापर्यंत आमी काय प्यायचं?" अंजनानं रागानंच विचारलं. पण तो इतका कावराबावरा झाला की तिचा राग अर्ध्यावरच संपला.

त्यानं हँडलला टांगलेली, पाण्यानं भरलेली कापडी छागल सोडून तिच्या हातात दिली. "घ्या. पाणी थंड राह्यते यात."

"आन तुमी?"

"माझ्या रस्त्यानं नद्या हायेत," तो म्हणाला, आणि मंडल्याकडं जाणाऱ्या गाडीकडं निघून गेला.

तेवढ्या वेळात तेजरामजींनी त्याचं नावगाव विचारून घेतलंच होतं. खेमराज, भरवेलीच्या मँगनीज खाणीत सर्व्हेअर. निघाला होता अमरकंटकला, मंडल्यापासून पुढं सायकलनं, एकटाच. त्या सुटीत तुमसरच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापताना अंजनाच्या मनात ते वाक्य पुन्हा पुन्हा येत राहिलं... माझ्या रस्त्यानं नद्या हायेत.

आषाढात तेजरामजींनी छागल परत करायच्या निमित्तानं त्याला चहाला बोलावलं. छागल न्यायला तो आला खरा, पण जाताना विसरून गेला. मग ती न्यायला पुन्हा आला. तिसऱ्यांदा विसरला तेव्हा अंजना दारापर्यंत गेली.

"तुमची आठवण लय कच्ची हाये," ती हळूच म्हणाली.

"छागलीपुरती," तो म्हणाला.

तो सालाच्या जंगलाबद्दल सांगायचा, नर्मदा जिथं निघते त्या कुंडाबद्दल, कपिलधारेच्या धबधब्याच्या आवाजाबद्दल. ती ऐकत राहायची. विचारायची, "तिथं रात्री थंडी वाजते?", "वाट चुकली तर?" आणि तो उत्तर देताना तिच्याकडं पाहायचा, मग मध्येच काय सांगत होतो ते विसरायचा.

हिवाळ्यात शाळेच्या मुली खाण पाहायला भरवेलीला गेल्या. मुली काळ्या खनिजाचे खडे वेचत होत्या. अंजनानं खाण दाखवणाऱ्या खेमराजला सहज विचारलं, "हे फिरायचं वेड तुमाले लागलं कसं?"

"मायबाप लहानपणीच गेले. काकानं होस्टेलात ठेवलं. सुटी लागली का सगळे पोरं आपापल्या घरी जात. मी कुठं जाऊ? सायकल घेतली आन निघालो. मग तीच सवय झाली."

परतताना तिनं मुलींची रांग पुढं जाऊ दिली आणि त्याच्या बाजूनं चालत राहिली, फाटकापर्यंत.

फाल्गुनात साखरपुडा झाला. खाणीच्या कॉलनीत क्वार्टर दिवाळीनंतर मिळणार होतं, म्हणून लग्न मार्गशीर्षात ठरलं. पंगतीत तुमसरच्या मामानं खेमराजच्या पाठीवर थाप मारली. "या मे महिन्यात आमच्या घरी यायचं, जावईबापू. आमरस खाऊन खाऊन कंटाळाल."

"या सालीच काय, आता दर साली," खेमराज म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला होता की शांताबाईंच्या, अंजनाच्या आईच्या, डोळ्यांत पाणी आलं.

अंजनाचा हात मात्र ताटातच थांबला.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा ती ओसरीत गहू निवडत होती. आई आत होती.

"दर साली तुमसर?" तिनं मान वर न करता विचारलं. "आन अमरकंटक?"

"पाह्यलं ना मी ते. आता काय त्याचं?"

"मी कुठं पाह्यलं?"

"अंजना, घरभर माणसं... आंगणात ओळीनं खाटा... तुले नाही समजायचं ते काय असते."

"मले नाही समजायचं? जन्मभर तेच तर केलं मी." गव्हातून खडा काढून तिनं दूर फेकला. "तुमाले मी पायजे, का मामाचं घर पायजे?"

तो हळू आवाजात म्हणाला, "आन तुले मी पायजे का माझी सायकल?"

ती पुन्हा गव्हातले खडे शोधू लागली. तो चहा न घेता गेला.

पुढचे कितीतरी दिवस ती त्या प्रश्नाशी झगडत होती. त्याला 'हो' म्हणताना मनात खरंच नद्याच होत्या का? तो सायकलशिवाय आला असता, तर? तिला खात्रीनं सांगता येईना, आणि त्याचीच भीती वाटत होती.

चैत्रात शाळेतल्या मोठ्या बाई, सत्यभामाबाई, नर्मदेच्या दर्शनाला निघायचं म्हणत होत्या. अंजना सायकलरिक्षा करून भरवेलीला गेली. खाणीच्या फाटकावर खेमराज धावतच आला.

"भांडायले नाही आली मी," ती म्हणाली. "तुमी तुमसरले जा. मी सत्यभामाबाईसंगं अमरकंटकले जाते. माझी सुटी तुमी घ्या, तुमची मले द्या. मग पाहू."

तो तिच्याकडं बघत राहिला. "आन मग?"

"मग मी तुमाले उत्तर देईन. त्या दिवशीचं."

तीर्थाचं नाव होतं, बरोबर मोठ्या बाई होत्या, म्हणून तेजरामजींनी परवानगी दिली. शांताबाई मात्र तुमसरला निघेपर्यंत तिच्याशी धड बोलल्या नाहीत.

जूनच्या सुरुवातीला सगळे परतले. संध्याकाळी खेमराज आला. ओसरीत दोघं बसली, मध्ये हातभर अंतर.

"कसं होतं तुमसर?" तिनं विचारलं.

"जसं मले वाटलं होतं, तसंच. पोरं अंगावर लोळत, मामी आग्रह करत..." तो थांबला. "पण तू मले तुझ्या आईचं नाही सांगितलं. मी रोज पहाटे उठून पाहो, त्या चुलीपुढं. रात्री सगळे झोपले का मग जेवत. आमच्या सुटीत त्याइची सुटी कुठं होती? एक दिवस मी विहिरीचं पाणी भरून देल्लं, तर मामी म्हणे, जावई बिघडले."

अंजनाला हसू आलं, पण ते टिकलं नाही. आईच्या त्या सुटीकडं तिनं स्वतःही कधी असं पाहिलं नव्हतं.

"आन अमरकंटक?" त्यानं विचारलं.

"बस बिघडली, शेवटी जंगलातून पायी गेलो. पाय सोलले. लय मजा आली." मग तिचा आवाज हळू झाला. "कुंडाजवळचा चहावाला तुमाले विचारत होता. म्हणे, 'वो साइकिलवाले बाबू नहीं आए इस साल? शाम तक अकेले बैठे रहते हैं, किसी से बोलते नहीं.'"

खेमराज खाली पाहू लागला.

"तुमी मले झाडं सांगितली, धबधबा सांगितला. हे काहून नाही सांगितलं?"

"त्यात सांगण्यासारखं काय होतं..."

आत शांताबाईंनी स्टोव्ह पेटवल्याचा आवाज आला. बाहेर उकाडा होता, पान हलत नव्हतं.

"कपिलधारेपुढं उभी होती मी," अंजना म्हणाली. "जल्मात पाह्यलं नाही असं पाणी. मागं वळून म्हणलं, 'पाहा ना.' मागं सत्यभामाबाई होत्या. म्हणल्या, 'कोणाले म्हणून राह्यली तू?'"

"मग?"

"मग काय. समजलं मले." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "धबधबा पाहून झाला, तरी तुमी पायजेच होते."

मग मधलं हातभर अंतर थोडं कमी झालं. कोण सरकलं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

"पुढच्या साली कुठं जायचं मग?" त्यानं विचारलं.

"आईले विचारू. तिले कोणी विचारलंच नाही आजवर."

"हौ," तो म्हणाला. मग जरा अडखळत, "मार्गशीर्ष लय दूर हाये, अंजना."

"तुळशीचं लग्न झालं का लगेच एक मुहूर्त हाये," ती म्हणाली. "मी पंचांग पाह्यलं."