कुकरमधलं स्वादुपिंड

"भैया, ये स्वादुपिंड ही है ना?"

शांती नगरच्या मटणवाल्याने मान डोलावली. पण मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "मॅडम... ती तिल्ली आहे, प्लीहा."

संघप्रिया वळली. मागे एक तरुण उभा: चष्मा, हातात पिशवी आणि ओठांत दाबलेलं हसू.

"तुम्हाला बरं माहीत!"

"जनावरांचा डॉक्टर आहे. प्रितम. हाटकेशला दवाखाना." त्याने परातीतला फिकट गुलाबी, दाणेदार तुकडा दाखवला. "हे ते. आतड्याच्या पहिल्या वळणात लपून बसतं. लाजाळू असतं बिचारं."

"माझ्या बंटीचं लाजत नाहीये, सुकलंय," ती म्हणाली आणि तिचा आवाज चिरकला.

बंटी तिचा कुत्रा. खायचा ढीगभर, दिसायचा काडी. अन्न पचवणारा रसच त्याच्या स्वादुपिंडातून येईनासा झालेला. बावीस किलोचा सतरावर आला होता. बकऱ्याचं स्वादुपिंड जेवणात द्या, असं आधीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. नाही पचलं तर... पुढचं त्यांनी सांगितलं नव्हतं.

आठवड्याने प्रितमच्या दवाखान्यात काटा साडेसोळावर थांबला.

"रोज देताय ना?"

"रोज! आई स्वतः करते. हळद, मीठ, तीन शिट्ट्या."

प्रितमने कपाळाला हात लावला. "अहो, शिजवलं की त्यातला रस मेला! कच्चंच चिरून कालवायचं."

"आईच्या ओट्यावर, कच्चं? तुम्हीच येऊन सांगा."

तो खरंच आला. संघप्रियाची आई, कमळाबाई, कंबरेवर हात ठेवून उभ्या. "माझ्या लेकराला कच्चं चारणार तुम्ही?"

"आई, तुमच्या पोटात हा रस आहे, म्हणून तुम्हाला जेवण पचतं. त्याला तो बाहेरून द्यायचाय."

"मग चिरा तुम्हीच!"

तो चिरू लागला. रोज संध्याकाळी. संघप्रिया भातात कालवायची... बोटांना बोटं लागायची आणि दोघंही बंटीकडेच बघायची. प्रेमात पडायला याहून सुवासिक जागा असतात. पण मिळाली ती ही.

"तुकडे ओबडधोबड पडतायत आज, डॉक्टर."

"सुरी बोथट आहे."

"कालच धार लावलीय."

महिन्याने दवाखान्यातला काटा हलला... एकोणीस किलो दोनशे! संघप्रिया ओरडली, बंटी भुंकला, बाकावरचे पेशंट आणि त्यांचे मालक दचकले. तिने प्रितमला मिठीच मारली. मग कळलं, आणि तरी सोडली नाही.

"आता... आता चिरायला मी लागणार नाही," तो पुटपुटला. "आई शिकल्यात. पण मला यायचंय. रोज. तुमच्यासाठी."

"मग रोज कशाला ये-जा करता?" ती त्याच्या खांद्यात हसली. "कायमचं काय ते आईशी बोला. माझं तर हो आहे."