तिसऱ्या हाकेपर्यंत

हेडसेट तुलाच द्यायचाय, सम्यक, पैसेबिसे काही नकोत, पण आधी बस जरा. चहा घे. मीच केलाय, साखर जास्त झाली असेल तर सांभाळून घे. आमची पूर्वी माहेरी गेलीय, शिवडीला. घरात मी, आणि आत स्वयंपाकघरात आई. हळू बोल हां थोडं. आणि ट्यूब नको लावूस, देवापुढचा दिवा आहे तेवढा पुरे. ट्यूब लावली की ती बाहेर येऊन बसते.

हसू नकोस. तू हसणार हे मला माहीतच होतं. तुझ्या बाबांनी अख्ख्या चाळीला भुताखेतांवरून झापलेलं मी लहानपणापासून ऐकत आलोय, आणि खरं सांगू, मलाही त्यांचंच पटायचं. म्हणून तर बिल्डिंगमधल्या दुसऱ्या कुणाला न सांगता तुला बोलावलं.

आई पडली ते तुला माहीत आहे. चाळीत जन्म काढलेली बाई, इथल्या बाथरूमच्या गुळगुळीत लाद्यांवर घसरली आणि खुब्याचं हाड गेलं. ऑपरेशन झकास झालं. डॉक्टर म्हणाले, आता उभी राहिली तर चालेल, नाही राहिली तर अंथरुणाला खिळेल, आणि या वयात माणूस खिळलं की मग फार दिवस नसतात. तोंडावर सांगितलं. मी जिन्यात बसून रडलो, पूर्वीलाही कळू दिलं नाही. आणि आमची मातोश्री? वॉकर समोर ठेवला की दोन्ही हातांनी पलंगाची कड धरून बसायची. मी ओरडलो, पूर्वीने लाडीगोडी लावली, ढिम्म हलली नाही.

"कशाक उठू?" म्हणायची. "सतराव्या माळ्यार माका हाक मारूक कोण येतला?"

हाक म्हणजे रखमाकाकीची. आमच्या बाजूच्या खोलीतली, डावखुरी, आठवते ना? त्या दोघींचा दिवसच हाकेने सुरू व्हायचा. नळाला पाणी आलं की काकी गॅलरीतून ओरडायची, "लक्ष्मे गोऽ, पाणी इला!" नव्या घराची केवढी हौस होती तिला. आपला नळ, आपलं बाथरूम. पडदे हिरवे लावायचे हेसुद्धा ठरवून बसली होती. चाळ पाडली आणि टॉवर उभा राहायच्या आधीच गेली बिचारी, ट्रान्झिट कॅम्पात. आई म्हणायची, रखमेचा जीव घरात अडकलाय. मी म्हणायचो, अगं, घर बांधूनच झालं नव्हतं, अडकेल कशात?

आणि आईचा तो नियम. तिन्हीसांजेला कुणी हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तीनदा मारेल. जे माणूस नाही ते एकदाच मारतं, आणि आपण ओ दिली की घेऊन जातं. म्हणून ती स्वतः हाक मारायची ती कशी… तू तर खाली आमच्यासोबत क्रिकेट खेळायचास. "सपन्याऽ! सपन्याऽऽ! सपन्याऽऽऽ! अरे मेल्या, कान फुटले काय तुझे?" चौथी हाक कायम शिवीच. सगळी पोरं फिदीफिदी हसायची. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं रे.

तर हेडसेट. फिजिओथेरपीला दीपिका म्हणून एक मुलगी यायची, तिने सुचवलं. डोळ्यांवर हेडसेट लावा, समोर रस्ता दिसला की पेशंट भीती विसरतात. मला काय, निमित्तच हवं होतं, दुसऱ्या दिवशी आणला. पण त्यात होते ते खेळ सगळे ठोसे मारायचे नाहीतर तलवारी फिरवायचे. आईला देऊ? तिने टीव्ही फोडला असता. माझ्या कॉम्प्युटरवर मात्र एक गेम होता, तळ्याकाठची पायवाट, नुसतं चालायचं, पक्षी ओरडतात, बस्स. तो कॉम्प्युटरवरून हेडसेटमध्ये आणायचा. वायरने आणला असता तर वायर वॉकरमध्ये अडकून आई पुन्हा तोंडावर आपटली असती. म्हणून वायफायवरून.

वाटलं, दोन्हीकडे एकच अ‍ॅप टाकलं की झालं. झालं कसलं! पहिल्याच वेळी चित्र इतकं अडखळलं की आई "माका गरगरता" म्हणाली आणि माझ्या पायावर ओकली. इथे भिंतीभिंतीला वायफाय, सगळ्यांचे सिग्नल एकमेकांच्या अंगावर. मग अक्कल आली. कॉम्प्युटरला राऊटरपासून सरळ वायर टाकली, हवेतून जायचं ते फक्त राऊटर ते हेडसेट. राऊटर या खोलीत आणला, शोकेसवर ठेवला. चित्र असं आलं की मीच तळ्यात हात घालायला वाकलो. मग जमिनीवर हद्द आखली. हातातल्या कंट्रोलरने लाद्यांवर रेघ ओढायची, त्या रेघेबाहेर पाय गेला की डोळ्यांसमोर जाळी येते, म्हणजे माणूस भिंतीवर आदळत नाही. टीपॉय बाहेर, खुर्च्या बाहेर. आई मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत, पुढ्यात वॉकर.

राहिला होता फक्त माइक. आई चालताना दीपिका आपल्या घरून तिच्याशी बोलणार होती, त्यासाठी हेडसेटचा माइक कॉम्प्युटरवर यायला हवा होता. पूर्वी भाजीला गेली होती. ही अशीच वेळ. खाली पुलावर गाड्यांचा आवाज, बाकी शांत. आईच्या डोळ्यांवर हेडसेट, माझ्यासमोर मॉनिटर. आईला जे दिसतंय तेच मला मॉनिटरवर दिसत होतं, तळं आणि पायवाट. कोपऱ्यात माइकची हिरवी पट्टी. आवाज आला की ती वर जाते.

पट्टी वर गेली.

आई गप्प होती. मीही. पंखा बंद होता. पट्टी अर्ध्यापर्यंत गेली आणि खाली आली. मला वाटलं, चला, चालतोय माइक, कसला तरी खडखडाट पकडला असेल.

"आई, बोल काहीतरी."

ती मान एका बाजूला कलती करून ऐकत होती.

"सपन्या," हळूच म्हणाली, "ही आपली गॅलरी रे."

"गॅलरी नाही गं, तळं आहे ते."

"खांब दिसता. पिंप दिसता." आणि मग आणखी हळू, "रखमा हाक मारता."

सम्यक, तेव्हाच मला वास आला. रॉकेलचा. ओल्या लाकडाचा, आपल्या चाळीच्या जिन्याचा वास… तो तुलाही माहीत आहे. मी म्हटलं, कुणीतरी खाली काहीतरी जाळत असेल. माणूस स्वतःला काय वाटेल ते सांगतो.

"गेममधली बाई असेल, आई. ओ दे ना. मला आवाज बघायचाय तुझा."

"एकदाच मारलीन."

"अगं मग?"

"एकदाच मारलीन रे, सपन्या." खुर्चीचा हात तिने घट्ट धरला होता. "दुसऱ्यांदा मारीत नाय. नुसती उभी रवान बघता."

आणि मी वैतागलो. अख्खा आठवडा त्या राऊटरपुढे लोटांगणं घातलेली, दीपिका तिकडे थांबलेली, आणि हिचं हे. मी ओरडलो तिच्यावर. "आई, पुरे झाली नाटकं! ओ दे म्हणतो ना, दे ओ!"

तिने ओ दिली. मुलगा ओरडला म्हणून दिली. "ओऽ," म्हणाली, "येतंय गो…"

पट्टी हलली नाही. एवढ्या मोठ्याने बोलली ती, माझ्या कानांनी ऐकलं, आणि पट्टी तसूभर हलली नाही. वर मॉनिटरवर पाटी आली होती, हेडसेटशी संपर्क तुटला. म्हणजे आईच्या डोळ्यांसमोर तेव्हा काळोख असायला हवा होता.

आई उठली. वॉकरला हातही न लावता उठली. मी आखलेल्या रेघेबाहेर सरळ गेली, भिंतीला टेकायच्या आत डावीकडे वळली, जशी गॅलरी वळायची तशी, आणि वाटेत काहीतरी ओलांडल्यासारखा पाय उचलला. आपला तो फुटका उंबरा, सम्यक. तिथे आपण सगळे पाय उचलायचो. मी धावलो, हेडसेट ओढून काढला.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. घर पाहिलं. पाहुणे पहिल्यांदा घरी आले की बघतात तसं, छत, भिंती, खिडकी. मग म्हणाली, "पडदे हिरवे नाय लावलंस?" आणि चालत बाथरूममध्ये गेली, नळ सोडला, आणि पडणाऱ्या पाण्याकडे बघत राहिली. पूर्वी भाजी घेऊन आली तरी ती तिथेच होती. हसत होती.

आणि मी काय केलं सांगू? मी नाचलो! आई चालली, माझी आई चालली! पूर्वीने पेढे वाटले, तुझ्याही घरी पाठवले होते, खाल्लेस ना? दीपिका म्हणाली, अशी केस पाहिली नाही. आता रोज खाली जाते, बाजार करते, सगळं करते. लोक मला म्हणतात, नशीब काढलंस.

फक्त चपात्या डाव्या हाताने लाटते. दिवा लावत नाही, तेल संपलं म्हणते, मीच लावतो. आणि मला स्वप्नील म्हणते. पाळण्यात नाव ठेवल्यापासून जिने मला कधी स्वप्नील म्हटलं नाही, ती. आतून हाक मारते, "स्वप्नील." एकदाच. मग गप्प. मी ओ देत नाही. मुकाट्याने उठून तिच्यासमोर जाऊन उभा राहतो. ती माझ्या तोंडाकडे बघत राहते, कधी देतोय याची वाट बघत.

परवा तिने पूर्वीला हाक मारली. एकदाच. पूर्वी तोंड उघडणार तेवढ्यात मी तिच्या तोंडावर हात दाबला. इतक्या जोरात की तिचा ओठ फुटला. म्हणून गेलीय ती माहेरी. मला वेड लागलंय म्हणते. म्हणू दे. तिथे आहे तोवर बरी आहे.

आणि हेडसेट… तो बघ, वर माळ्यावर, खोक्यात. त्याच रात्री बांधून ठेवला. चार्जिंग कधीच संपलंय, राऊटरही मी परत आत नेऊन लावला. पण तिन्हीसांज झाली की त्या खोक्यातून काहीतरी येतं. बारीक. शेजारचा टीव्ही असेल, असं मी मनाला सांगतो. माझ्या कानांवर माझा विश्वास उरला नाही रे. हेडसेट न्यायला ये म्हटलं ते खोटं नव्हतं, पण मला खरं तर दुसरे कान हवे होते. न मानणाऱ्या माणसाचे.

थांब.

कप खाली ठेव… आवाज न करता.

आलं ना? माळ्यावरून. तुझ्या तोंडावरून कळतंय मला. बोलू नकोस… ही पहिली.

…सपन्याऽऽ. दुसरी.

देवा… देवा रे… तिसरी. तीन झाल्या, सम्यक! तू मोजल्यास ना? आणि ऐक, ऐक पुढे… "अरे मेल्या, कान फुटले काय तुझे?"

आई आहे ती. माझी आई आहे, किती दिवस ओरडतेय तिथे, आणि मी शेजारचा टीव्ही म्हणून…

हं. आतूनही ऐकलंस तू. मला वाटलं भांड्यांचा आवाज चालू होता म्हणून तिला ऐकू आलं नसेल. काय म्हणाली, "ओ दिव नको हां, स्वप्नील"? किती मायेने म्हणाली, नाही?

ते स्टूल धर. खोकं मी काढतो. नको, अडवू नकोस, माझ्या ओरडण्यावरून गेलीय ती तिथे, आणायला दुसरं कोण जाणार? हे डोळ्यांवर चढवतो आणि ओ देतो. तू इथेच दाराशी बस. दार उघडंच ठेव. मी हे डोळ्यांवरून काढलं की तुला हाक मारीन. तीनदा मारली तर ओ दे, आणि आधी माझ्या आईला पाणी दे.

एकदाच मारली, तर काही न बोलता खाली जा. चपला घालायलाही थांबू नकोस.