जमिनीवरचं विमान

१९७२ साली मी सोनेगावला, वैमानिक घडवणाऱ्या एका संस्थेत टायपिस्ट होते. तिथल्या एका खोलीत डब्यासारखं बंद, लाकडी विमान होतं. ते जमिनीवरून उठत नसे; पण आत बसलं की डोलायचं, वळायचं, काटे उंची दाखवायचे. खऱ्या विमानात चढण्याआधी शिकाऊ मुलं त्यात शिकत.

एका दुपारी खोली रिकामी पाहून मी हळूच आत शिरले. झाकण ओढलं, हेडफोन कानाला लावला... आणि कानात आवाज आला.

“कुठं जायचं आहे, मॅडम?”

बाहेर टेबलावरच्या मायक्रोफोनशी शरच्चंद्र सर येऊन बसले होते. तेच तिथं शिकवायचे.

“सॉरी सर — उतरते मी.”

“उतरता कुठं? दोन हजार फुटांवर आहे तुम्ही. काहून घाबरून राहिल्या? दांडा हलका धरा... हां. तुमचं गाव कोणतं?”

“कुही.”

“मग डावीकडं वळा. पाहा, खाली धानाचे बांध दिसून राहिले.”

अंधाऱ्या डब्यात मला खरंच बांध दिसले.

मग ऑफिस सुटल्यावर रोज अर्धा तास आमची सफर निघू लागली. मायक्रोफोनवर बोटं वाजवून तो माझ्यासाठी पाऊस पाडायचा. ‘मॅडम’ची ‘प्रेमिला’ कधी झाली, कळलंही नाही.

“पचमढी आली. थांबायचं?”

“थांबून काय करायचं?”

“चहा पिऊ.”

“आणि विमान कोण सांभाळंल?”

“तुझ्यावर सोडलं ना... सगळंच.”

बरं झालं, झाकण बंद होतं. माझा चेहरा त्याला दिसला नाही.

आम्ही छप्पन्न सालचे बौद्ध, तो उमरेडच्या विणकरांचा. जात आडवी येईल म्हणून मी भांडणाची तयारी करून ठेवली होती. आडवं आलं ते वेगळंच.

एका संध्याकाळी मी डब्यातून उतरून टेबलाशी आले, तसा तो म्हणाला, “नकाशावर लाइन कुठवर गेली, पाह्य जरा.”

आमच्या सफरीची वाट टेबलावरच्या नकाशावर लाल शाईनं उमटायची; ती रेघ त्याच्या नाकासमोर होती.

“तुला... दिसत नाही?”

त्यानं बोटांनी नकाशाची कड चाचपली. मग म्हणाला, “मी विमान चालवत होतो, प्रेमिला. नजर कडेकडेनं जाऊ लागली, म्हणून मले कायमचं खाली उतरवलं. आता मधलीही चालली. इलाज नाही म्हणतात.”

“मग मी वाचत जाईन.”

“जन्मभर?”

“हो.”

आठवड्यात राजीनामा देऊन तो निघून गेला, मला न सांगता.

वर्षभर मी पत्रं टाकली. एकाचंही उत्तर आलं नाही. शेवटी बाबांना सगळं सांगितलं आणि एका रविवारी उमरेडची एस.टी. धरली.

भावाच्या हातमागाशेजारी बसून तो सूत गुंडाळून कांड्या भरत होता. पावलं ऐकून त्यानं मान वर केली. पण बघत होता माझ्या बाजूच्या भिंतीकडं.

“कोण आलं, वहिनी?”

“मी,” मीच म्हणाले.

त्याचा हात थबकला. सूत तुटलं.

“कायले आली?”

“तुला न्यायला. बाबा हो म्हणाले.”

“मले तू पाहिजे, प्रेमिला. पहिल्या दिवसापासून. हे एकदाच सांगतो... पण तुह्या हाताला धरून चालणारा माणूस मले व्हायचं नाही. आज तुह्या बोलण्यात कीव नाही. दहा वर्षांनी येईल. ते मले ऐकू येईल.”

“नाही येणार.”

“चारची बस आहे. जाय.”

मी खूप बोलले. त्याच्या वहिनी पदरानं डोळे पुसत आत गेल्या. तो मात्र तुटलेल्या सुताचं टोक चाचपत राहिला. ते त्याच्या गुडघ्याजवळ लोंबत होतं. मी हात पुढं केला, तो बोटांना लागताच त्यानं आपला मागं घेतला.

“राहू दे. सापडते मले.”

मी बसून राहिले. चार वाजत आले. मी उठले, तेव्हाही तो टोक शोधतच होता.