श्रावणातली तक्रार

"तुम्हा लोकांना काय कळणार श्रावण!"

हे मी बोलले. मालाड स्टेशनजवळच्या बर्गरच्या दुकानात, भर दुपारी, तीस-पस्तीस माणसांसमोर. आणि ज्याला बोलले त्याच्या शर्टावर नावाची पट्टी होती... क्लिफर्ड. आजही आठवलं की वाटतं, धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं.

मी मानसी परब. राग माझ्या नाकावर बसलेला असतो, हे आमच्या अख्ख्या चाळीला माहीत आहे. त्या मंगळवारी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. डोळ्यांत औषध घातल्याने तिला सगळं धूसर दिसत होतं, त्यात पोटात कावळे ओरडत होते. म्हणून आम्ही दुकानात शिरलो. दारातल्या स्क्रीनवर मी फटाफट ऑर्डर दिली, पिशवी आणून टेबलावर ठेवली. आईने पहिला घास खाल्ला आणि थांबली.

"मानसी... ह्यां कोंबडीसारख्यां लागता गो!"

पाव उचलून बघते तर चिकन! माझी आई मालवणची. मासळीशिवाय तिला घास गोड लागत नाही, पण श्रावणात सुकटीचा डबासुद्धा ती शेजारी ठेवायला देते. माझं डोकंच फिरलं. मी काउंटरवर जाऊन असा काही आवाज चढवला की फ्राइज तळणारेही बाहेर आले.

क्लिफर्डने शांतपणे माझ्या हातातलं बिल घेतलं, वाचलं. माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. काहीतरी बोलायला तोंड उघडलं... आणि मिटलं. बिल घडी करून मला परत दिलं.

"सॉरी मॅडम. चूक आमची आहे."

"माझी नको, आईची माफी माग. हात जोडून!"

त्याने हात जोडले. आईला चूळ भरायला पाणीसुद्धा आणून दिलं. एवढ्या रागातही मला दिसलं की त्याच्या पापण्या फार लांब आहेत... मेल्या पापण्या! त्यावरच चिडून मी ते श्रावणाचं वाक्य फेकलं, बहुतेक. मॅनेजर राजेशने तक्रारीचा फॉर्म आणला. घास आईने खाल्ला होता, म्हणून सही आईची हवी होती. तिला अक्षर दिसत नव्हतं. मी बोट ठेवलं तिथे तिने सही केली.

संध्याकाळी पर्स आवरताना ते बिल हाती आलं. 'चिकन बर्गर — २.'

स्क्रीनवर मोबाइल नंबर टाकल्यावर 'मागची ऑर्डर' असं बटण आलं होतं आणि घाईत मी तेच दाबलं होतं. माझी मागची ऑर्डर कधीची? गटारीची! श्रावण लागायच्या आदल्या दिवशी ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर दाबून चिकन खाल्लं होतं, त्या दिवसाची.

म्हणजे क्लिफर्डने बिल वाचलं होतं. त्याला सगळं कळलं होतं.

आतल्या खोलीत आई देवासमोर बसली होती. "चूक त्यांची, पण तोंड तर माझा ना," म्हणत तिने महिनाभर एकवेळ जेवायचं ठरवलं होतं. मी बिल पर्समध्ये परत कोंबलं. शरमेने, आणि भीतीनेही.

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर मी दुकानात गेले. काउंटरवर तो नव्हता. फडका घेऊन टेबलं पुसत होता.

"तुम्ही इथे... टेबलं का पुसताय?"

"तक्रार आहे ना माझ्यावर." तो हसला. "आज काय चुकलं मॅडम?"

"मी चुकले." मी बिल पुढे केलं. "बिल बघितलं मी. तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"तुमची आई समोर होती. मला वाटलं, तुम्ही घरच्यांपासून चोरून खाता आणि सवयीने तेच मागवलंत."

"मी? श्रावणात? चोरून?"

"हळू... परत लोक बघतायत."

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. मग त्याला बोलतं केलं. तीन वर्षं तो इथे होता. सोमवारी शिफ्ट इन्चार्जसाठी मुलाखत होती, पण लेखी तक्रार असेल तर नाव कटतं. मी तडक राजेशकडे गेले. तो म्हणाला, "सही ज्यांची, तक्रार त्यांनीच मागे घ्यायला हवी."

म्हणजे आईला सांगायला हवं.

"जाऊ दे ना," क्लिफर्ड म्हणाला. "सहा महिन्यांनी परत मुलाखत असते. तू कशाला घरी बोलणी खातेस?"

'तू' म्हणाला मला. आणि माझी वाट लागली, यार.

शुक्रवारी आईला सगळं सांगितलं. तिने पदराने माझे डोळे पुसले. मला ओरडली असती तर बरं झालं असतं.

"त्या झिलाक तू हात जोडूक लावलंस," ती म्हणाली. "आणि माझी सही घेतलंस. रडान काय व्हतला? उद्या चल माझ्यावांगडा. ज्या तोंडान बोललंस, त्याच तोंडान सांग."

शनिवारी दुपारी दुकान गच्च भरलं होतं. आईने राजेशसमोर तक्रार मागे घेतली आणि मला कोपराने ढोसलं. मी रांगेपुढे उभी राहिले.

"मंगळवारी मी या माणसावर ओरडले. चूक माझी होती. मीच चिकन मागवलं होतं."

कुणीतरी फिदीफिदी हसलं, कुणीतरी मोबाइल वर धरला. धरू दे.

आई रिक्षा बघायला बाहेर गेली. क्लिफर्ड टेबलाशी उभा होता. खरं अवघड ते अजून राहिलंच होतं.

"मी 'तुम्हा लोकांना' म्हणाले होते..."

त्याचं हसू मावळलं. "हो. ते लागलं. बाकीचं रोज ऐकतो मी. आमच्याकडेही ईस्टरआधी चाळीस दिवस मटण-चिकन बंद असतं गं. मम्मी माझी तुझ्या आईहून कडक आहे."

"मला लाज वाटते रे. तुझ्याकडे बघायचीही."

"मग खाली बघून ऐक." त्याने हातातल्या फडक्याची उगाचच घडी केली. "इथे ओरडणारे रोज येतात. परत येऊन सांगणारी तू पहिली. दोन दिवस दाराकडेच बघतोय मी... पण एक सांग. तू आलीस ती वाईट वाटलं म्हणून, की..."

बाहेरून आईची हाक आली. रिक्षा मिळाली होती.

मी वर पाहिलं. कान तापले होते माझे. "गुरुवारी आले ती वाईट वाटलं म्हणून. आज चूक सांगून झाली, तक्रारही मागे घेतली. आता माझं इथे काही काम उरलेलं नाही, क्लिफर्ड."

"मग?"

"मग आईला सांगून येते, तू रिक्षाने पुढे हो, मी थांबतेय म्हणून."