पाण्यात औषध टाकलंय

या पेजवर सगळे जण नावं बदलून लिहितात. मी बदललेली नाहीत.

जे सांगतेय ते माझ्यासमोर घडलंय. ऐकीव नाही, रचलेलं नाही. आणि रात्रीचं तर मुळीच नाही. इथली भुतं अमावास्येला पिंपळाखाली येतात. आमच्याकडे जे आलं ते भर दुपारी आलं, लख्ख उन्हात, आल्याच्या रानात, बाया भाकरी खायला बसलेल्या असताना.

गेल्या वर्षीची अविधवा नवमी. कोरेगावपासून आत, ओढ्याच्या वर आमचा मळा आहे, तिथे.

मी संयोगिता. नवरा, वीरधवल, फौजेत. मळ्यातल्या घरात मी आणि सासरे लालासाहेब. त्यांना मी मामा म्हणते. त्या महिन्यात नणंद शिवांजलीही होती, कुपवाडहून माहेरी आलेली, सातवा लागलेला. तिची आधीची दोन गेलेली. त्यामुळे घरात सगळे तिला तळहातावरच्या फोडासारखं जपत होतो. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तिच्यासाठी कोरेगावहून पाण्याचा जार यायचा. बाकी सगळे विहिरीचं प्यायचो.

सासूबाई चंद्राबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. मी त्यांना आत्ती म्हणायची. कुंकवासकट गेल्या, म्हणून त्यांचा म्हाळ, पितृपक्षातलं श्राद्ध, अविधवा नवमीला.

आत्तींची एक रीत होती. रानात कामाला आलेल्या बायांना पाणी द्यायचं, तर पहिलं फुलपात्र मालकिणीनं स्वतः प्यायचं. सगळ्यांच्या देखत. मग बायांना. "आपुन जे पीत न्हाई ते दुसऱ्याच्या घशात वतू न्हाई," असं त्या म्हणायच्या. त्यांचं ते फुलपात्र पितळी होतं, काठाला एक पोचा आलेला. त्यांच्या माघारी ही रीत मी चालवत होते. बायाही मला चिडवायच्या, "वैनी, आदी तुमी."

आता त्या नवमीच्या आदल्या दिवसाचं सांगते.

आल्याला हुमणी लागली होती. पांढरी अळी असते, जमिनीत राहून मुळं कुरतडते. मामांनी ठिबकमधून औषध सोडलं. औषधाच्या टाकीची नळी विहिरीच्या पाइपलाच जोडलेली असते. मध्ये एक वॉल बसवतात, पाणी उलटं फिरू नये म्हणून. आमचा वॉल उन्हाळ्यातच खराब झाला होता. आज आणू, उद्या आणू, यात पावसाळा गेला.

आणि लाईट गेली.

मोटर थांबली... पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरलं. उतरताना टाकीतलं सगळं औषध ओढून घेऊन गेलं.

नवमीच्या सकाळी मी मागचं दार उघडलं आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय, ते पटकन कळेना.

मग कळलं. आवाजच नव्हता.

आमच्या विहिरीत बेडूक इतके, की मोबाइलवर बोलायचं तर घरात जावं लागायचं. त्या दिवशी एकही नाही. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणींची घरटी लोंबत होती... ती पण गप्प.

मी वाकून पाहिलं. बेडूक होते. पोटं वर करून, पांढरे.

मामांनी ते टोपल्यात गोळा केले आणि बांधाला पुरले. पुन्हा पुन्हा साबण लावून हात धुतले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बायास्नी काय बोलू नगंस. ईर लय मोटी हाय, पातळ हुतंय पानी. आज भांगलन ऱ्हायली आनि बाया दुसऱ्याच्यात गेल्या, तर आलं गवतात जातंय."

"आणि शिवांजली?"

"तिला जारचंच दे. हिरीचं हात धुवायला बी देऊ नगंस."

मामा वाईट माणूस नाही. बैल म्हातारा झाला तरी विकला नाही, मरेपर्यंत पोसला. हे मी त्यांची बाजू घ्यायला सांगत नाही. वाईट माणसानं केलं असतं तर मला सांगायला सोपं गेलं असतं.

जार एकच उरला होता. नवा दुसऱ्या दिवशी येणार होता.

मी विहिरीच्या पाण्याची कळशी भरली.

तण काढायला, भांगलणीला येणाऱ्या बायांत धोंडुबाई सगळ्यांत जुनी. आत्तींच्या वेळेपासूनची. तिच्याबरोबर तिची सून सोनिया यायची. सोनियाला पाचवा होता. वाकताना एक हात पोटाखाली धरायची, पण तोंड बंद नसायचं. हेच पेज ती मोबाइलवर वाचायची आणि जेवणाच्या सुट्टीत बायांना भुताचा आवाज काढून दाखवायची. त्या सकाळीही तिनं मला विचारलं, "वैनी, तुमच्या हिरीत कोन ऱ्हातंय का वं? लिवा की येकदा त्यावर."

बाया हसल्या. मीही हसले.

मी पेले भरून दिले. सोनियानं पेला तोंडाला लावला आणि थांबली.

"वैनी, पान्याला औषदाचा वास येतुया."

इथे माझ्या तोंडून जे निघालं ते मी अजून गिळू शकलेले नाही.

"हो," मी म्हणाले, "पाण्यात औषध टाकलंय."

गावात ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल टाकतो. जंतू मरावेत म्हणून. त्याला सगळे पाण्याचं औषधच म्हणतात. मला ते माहीत होतं. सोनिया काय समजणार, तेही माहीत होतं. मी खोटं बोलले नव्हते. एक शब्दही खोटा नव्हता.

"मग बरं हाय की," सोनिया म्हणाली. "माझ्या पोरासाटी चांगलं."

आणि तिनं पेला रिकामा केला. दुसरा मागितला.

धोंडुबाई म्हणाली, "वैनी, तुमी न्हाई घेटलं?"

"आज आत्तींचा म्हाळ आहे. निवद होईपर्यंत पाणी घेत नाही."

"व्हय व्हय. इसारलेच मी."

मेलेल्या सासूचा असा उपयोग केला मी. दोन पोटुशा बाया. एकीला जार, एकीला विहीर. हे माझ्या डोक्यात तेव्हाही आलं होतं. आलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

घरी येऊन स्वयंपाक केला. केळीच्या पानावर निवद वाढला आणि गच्चीवर नेऊन ठेवला. शेजारी आत्तींचं फुलपात्र ठेवलं, जारच्या पाण्यानं भरून.

होय, त्यांनासुद्धा जारचंच ठेवलं.

कावळे तारेवर बसले होते. पानाकडे बघत होते. खाली एकही येईना... ओरडेनासुद्धा. मी हात जोडून उभी राहिले. मग म्हटलं, येतील मागाहून, आणि कळशी घेऊन रानात गेले.

टळटळीत ऊन पडलं होतं. वारा नव्हता. बाया बांधावरच्या जांभळीखाली रांगेनं बसल्या होत्या. सोनिया शेवटाला, खोडाला पाठ टेकून.

मी कळशी खाली ठेवली.

तेवढ्यात विहिरीकडून आवाज आला...

डुब्ब.

पाण्यात घागर बुडते तेव्हा येतो तसा. पाठोपाठ दोर ओढल्याचा कुरकुर आवाज. आमच्या विहिरीला रहाट नाही. मोटर बसली तेव्हाच काढून टाकला. मी वळून पाहिलं. काठावर कुणी नव्हतं.

बायांनी काही ऐकलं नसावं. त्या भाकऱ्या सोडत होत्या.

मी पेले भरून पुढे सरकवले. सोनियाच्या हातात तिचा पेला गेला.

"निवद झाला न्हवं?" धोंडुबाई म्हणाली. "मग वैनी, आदी तुमी."

माझा हात पेल्यापाशी गेला आणि तिथेच राहिला. आता कुठला उपास सांगणार? ते पाणी तोंडापर्यंत जाईना.

"घ्या तुम्ही," मी म्हणाले. "तहानला असाल."

तेव्हा रांगेच्या शेवटाकडून आवाज आला. हळू. दमलेला.

"आदी तू."

कामाच्या बायांपैकी मला कुणीही अगं-तुगं करत नाही.

मी मान वर केली.

सोनियाच्या पलीकडे... आणखी एक बाई बसली होती.

उकिडवी. डोईवरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. हिरवं लुगडं, ज्याची घडी मी माझ्या हातानं मोडून त्यांना शेवटचं नेसवलं होतं. एका हातात फुलपात्र. काठाला पोचा.

दुसरा हात त्यांनी सोनियाच्या पेल्यावर ठेवला होता. पालथा, झाकण ठेवावं तसा.

"आगं बया," सोनिया पेल्याकडे बघत म्हणाली, "ह्यो पेला येवडा जड का लागतुया? उचलंनाच."

मला वाटलं आत्ती माझ्याकडे बघतील. रागानं बघतील, शिव्या देतील. जिवंतपणी द्यायच्याच की.

त्यांनी बघितलं नाही.

त्यांची मान खाली होती. आपल्या पोरानं दुसऱ्याच्या घरी चोरी केल्यावर आई दारात उभी राहते, तशा त्या खाली बघत होत्या. त्यांना लाज वाटत होती. माझी... आणि मामांची.

मी कळशीला लाथ मारली.

सगळं पाणी बांधावर सांडलं. पेले कलंडले. मी खाली बसकण मारली आणि म्हणाले, "पाय घसरला."

बाया मला उठवायला धावल्या. मी शेवटाला बघितलं. सोनिया तेवढी होती. तिच्या पलीकडे गवत होतं, दबलेलंही नव्हतं.

"वैनी, ह्ये बघा," सोनिया म्हणाली.

पाणी मुरलं होतं, आणि त्या ओल्या मातीतून गांडुळं वर येत होती. एक, मग दुसरं, मग चहूकडून. पिळवटत होती. थोड्या वेळानं हलायची थांबली.

धोंडुबाईनं माझ्याकडे बघितलं.

"ऊन लय हाय," मी म्हणाले.

घरी येऊन गच्चीवर गेले. निवदाला कुणी शिवलं नव्हतं. फुलपात्र जागच्या जागी होतं. मी ते उचललं... त्या पाण्याला औषधाचा वास येत होता.

मामांना मी सगळं सांगितलं. त्यांनी टॉवेल तोंडावर धरला. मग म्हणाले, "ईर उपसू या." दुसऱ्या दिवसापासून बायांना जार मागवले आणि मोटर लावून सगळी विहीर ओढ्यात सोडली. मला बरं वाटलं. वाटलं, सुटलो.

ओढा खाली धोंडुबाईच्या वस्तीवरून जातो. त्यांचा हातपंप ओढ्याच्या काठावरच आहे.

हे मला मोटर बंद झाल्यावर आठवलं. मामांना कधी आठवलं ते माहीत नाही. आम्ही दोघंही त्यावर बोललो नाही, आणि वस्तीवर जाऊन सांगितलं तर मुळीच नाही.

शिवांजलीला दिवाळीनंतर मुलगी झाली. गुटगुटीत आहे. ओवी नाव ठेवलं, पेढे वाटले.

सोनिया तिच्या आधीच बाळंत झाली. सातव्यातच. मुलगा, ओंजळीत मावेल एवढा. साताऱ्याला दवाखान्यात बरेच दिवस काचेच्या पेटीत होता. कशामुळं, ते डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं नाही. कितीतरी कारणं असू शकतात म्हणाले. मला त्यातलं एकच माहीत आहे.

पोर घरी आलं तेव्हा मी बघायला गेले. अंगडं-टोपडं घेऊन. टोपडं त्याला फार मोठं झालं. सोनिया हसून म्हणाली, "वाडंल की वैनी त्यात."

धोंडुबाईनं पाण्याचा पेला आणला. हातपंपाचं पाणी. माझ्या हातात दिला आणि समोर बसली.

"येक इचारू का? त्या दिशी जांभळीखाली तुमी कुनाकडं बघत हुता? सोनीच्या फुडं तर कोन न्हवतं."

बोलायची ती वेळ होती, आणि मी पेल्यात बघत बसले.

"ऱ्हाऊ द्या. प्या पानी," ती म्हणाली. मागून सोनिया लेकराला मांडीवर हलवत हसली, "वैनी, आदी तुमी."

मी सगळा पेला प्यायले. त्याला वास होता की नव्हता, हे मला आजही ठरवता येत नाही.

आता विहिरीवर नवा वॉल आहे. बेडूक अजून आलेले नाहीत. आत्तींचं फुलपात्र मी रोज पुसून, कोरडं करून फळीवर उपडं ठेवते. सकाळी बघते तर आतून ओलं असतं. मामांना सांगितलं तर ते उठून बाहेर जातात.

बोलायला तोंड उघडलं की दरवेळी माझी मान खाली जाते. म्हणून लिहिलं. सोनिया हे पेज रोज वाचते. आता घरीच असते, पोराला पाजताना वाचत असेल.

सोनिया, त्या दिवशी माझा पाय घसरला नव्हता.

आणि पाण्यातलं ते औषध टीसीएल नव्हतं. हातपंपाचं पाणी लेकराला देऊ नकोस.