घंगाळातला समुद्र

"ताई, कोळंबीबाई पण गेल्या!"

चतुराने काचेला नाक चिकटवून ही बातमी दिली, तेव्हा वाचनालयातल्या दोघा-तिघा म्हाताऱ्यांनी पेपर खाली करून डोळे वटारले. चतुरा दहा वर्षांची. तिचा आवाज मात्र बस स्टँडवरच्या कंडक्टरला शोभेल असा होता.

"हळू बोल की गं!" थोरल्या बहिणीने, मनकर्णाने, तिला मागे ओढलं आणि स्वतःच काचेला नाक लावलं. लाल पट्ट्यांची कोळंबी वाळूवर आडवी पडली होती. त्याआधी शंखातल्या गोगलगायी गेल्या होत्या. आणि पोवळी! बोटासारख्या कोंबांची, तपकिरी-हिरवी पोवळी आता आंघोळीला घाबरणाऱ्या पोरासारखी अंग चोरून बसली होती. एकाचं टोक तर पांढरं पडलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, परभणीत पोवळी आली कुठून? परभणीला समुद्र असतो का? नसतोच! उन्हाळ्यात नळाला पाणी नसतं, तिथे समुद्र कुठला? पण मनकर्णाचे नागनाथमामा कॉलेजात शास्त्र शिकवायचे आणि त्यांना एकदा एखादी गोष्ट करावीशी वाटली की ती केल्याशिवाय अन्न गोड लागत नसे. त्यांनी वाचनालयाच्या मागच्या खोलीत मोठी काचेची टाकी बांधली. मालवणचा त्यांचा मित्र प्लॅस्टिकच्या कॅनमधून समुद्राचं पाणी पाठवायचा. मानवतहून, बोरीहून माणसं हा समुद्र बघायला येत आणि काही म्हाताऱ्या बाया तर टाकीला हात जोडत.

"हे दगड न्हाईत आणि झाडंबी न्हाईत," मामा सगळ्यांना सांगायचे. "ही बारक्या बारक्या जिवांची चाळ हाय. पाण्यातला चुना घेऊन ते आपलं घर बांधतेत. चुना संपला की बांधकाम बंद!"

म्हणून टाकीवर सलाईनची बाटली उलटी टांगलेली असे. तिच्यात खायच्या चुन्याची निवळी. गाळ नाही, वरचं स्वच्छ पाणी तेवढं. थेंब... थेंब... थेंब. उन्हाने आटलेलं पाणीही तेवढंच भरून निघे. एकदम ओतलं की घात, थेंबाने दिलं की जीव! दोन वर्षं मामांनी पोवळ्यांना असं थेंबाथेंबाने वाढवलं होतं.

आणि या मे महिन्यात मामांना हृदयाच्या ऑपरेशनसाठी हैदराबादला जावं लागलं. गाडीत बसताना त्यांचा चेहरा उतरला होता. तेव्हा मनकर्णा म्हणाली होती, "मामा, तुमी परत येईपर्यंत एक पोवळंसुद्धा मरू देणार न्हाई मी!" मामा हसले होते. तेच हसू आता तिला रात्रंदिवस टोचत होतं.

"सर गेल्यापासून टाकी शिपाई भुजंगकाका बघतेत. मला तर त्यांचाच संशय येतोय," वाचनालयाबाहेरच्या कडुलिंबाखाली सूर्यभान म्हणाला. सूर्यभान बोरीच्या शेतकऱ्याचा पोरगा. सुट्टीत मावशीकडे आला होता आणि आल्यापासून या दोघींच्या मागे होता. "माणूस लय आळशी हाय. थेंब थेंब कशाला, म्हणून बाटली भसकन ओतीत असंल!"

"मग पकडू या रंगेहाथ!" चतुरा उडालीच.

दुपारी वाचनालय बंद होई. त्याआधीच तिघं मागच्या खोलीत, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांआड जाऊन बसले. काय तो उकाडा! सूर्यभानच्या नाकावर माशी बसली. त्याला शिंक आली. चतुराने त्याचं नाक चिमटीत धरलं. तेवढ्यात दार करकरलं.

शिपाई भुजंगकाका आले. त्यांनी बाटली काढली, निवळी हळूच भरली, गाळ मागे ठेवला, पुन्हा टांगली आणि थेंब डोळ्यांनी तपासले. मामांनी सांगितलं होतं अगदी तसंच! मग त्यांनी टाकीतलं थोडं जुनं पाणी काढलं आणि कोपऱ्यातल्या आंघोळीच्या मोठ्या घंगाळातून नवं पाणी तांब्याने आत सोडलं. आठवड्याला थोडं पाणी बदलायचं, हाही मामांचाच नियम.

"यात तर काहीच चूक न्हाई," सूर्यभान पुटपुटला. त्याचा चेहरा पाण्यात टाकलेल्या बिस्किटासारखा झाला होता.

पण मनकर्णा त्या घंगाळाकडे बघत राहिली. तांब्याचं घंगाळ. बाहेरून काळंकुट्ट. आणि आतून, पाण्याच्या रेषेपर्यंत, लखलखीत!

"भुजंगकाका!" ती एकदम उभी राहिली. मासिकांचा गठ्ठा कोसळला आणि भुजंगकाकांच्या हातून तांब्या सुटला.

"अगं आई गं! भुताटकी का काय! तुमी हितं काय करायलाव?"

"काका, हे घंगाळ तुमी घासता का?"

"मी? मला दुसरी कामं न्हाईत का? कोण घासतंय ते!"

"मग हे कशाला आणलं? मामांची निळी प्लॅस्टिकची बादली कुठं हाय?"

भुजंगकाकांनी मान खाजवली. "ती मागं टाकली, लिंबाखाली. सर गेल्यावर अध्यक्ष आबासाहेबांचाच हुकूम झाला. म्हणले, बादली नागनाथसरांच्या घरची हाय, आपल्या माठाशेजारी नको. तांब्याच्या भांड्यात पाणी शुद्ध राहतंय. कॅन आले की मी घंगाळात ओतून ठेवतो. आठ दिवस चालतंय."

"बादलीला काय झालं होतं पण?" सूर्यभानने विचारलं.

भुजंगकाका खाली वाकून पडलेला तांब्या शोधू लागले. मनकर्णाला उत्तर ठाऊक होतं. त्या वर्षांत विद्यापीठाच्या नामांतरावरून गावागावांत जातीजातींची मनं कलुषित झाली होती. नागनाथमामा वाचनालयात शिरले की गप्पा आपोआप थांबत, हे तिने कितीदा पाहिलं होतं. टाकी सगळ्यांना हवी होती. बादली नको होती. पण आत्ता रडायला वेळ नव्हता.

"सूर्या, तुझी आई तांब्याची भांडी कशानं घासती?"

"चिंच-मीठ लावून. का गं?"

"मिठानं तांबं निघतंय. म्हणून भांडं चमकतंय! मग या घंगाळातलं निघालेलं तांबं कुठं गेलं?"

तिघांनी एकदम टाकीकडे पाहिलं. टाकीतले मासे मजेत फिरत होते.

"थांब, थांब!" सूर्यभानने कपाळावर हात मारला. "आमच्या विहिरीत शेवाळ माजलं की आजोबा मोरचूद टाकतेत. शेवाळ जातंय, गोगलगायी मरतेत आणि मासे राहतेत! इथंबी तसंच झालंय की!"

"आणि मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार! आठवीच्या पुस्तकात हाय!" मनकर्णा म्हणाली.

"पण आबासाहेब आपलं ऐकतील का?" चतुराने पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं.

नुसतं सांगून ऐकणारे आबासाहेब नव्हते. ते वाचनालयाचे अध्यक्ष होते, आणि अध्यक्षांना लहान मुलांचं पटलं तर ते अध्यक्ष कसले? म्हणून पुरावा हवा होता. सूर्यभानने मावशीच्या विहिरीतून गोगलगायी आणल्या. दोन काचेच्या बरण्यांत विहिरीचंच पाणी घेतलं. एकीत कॅनमधलं समुद्राचं पाणी चमचाभर टाकलं, दुसरीत घंगाळातलं चमचाभर. चतुराने ते आपल्या शाळेच्या वॉटरबॅगेतून पळवलं होतं आणि या पराक्रमाबद्दल ती संध्याकाळभर स्वतःचीच पाठ थोपटत होती.

सकाळी पहिल्या बरणीतल्या गोगलगायी काचेवरून आरामात फिरत होत्या. दुसरीतल्या सगळ्या तळाशी. झाकणं घट्ट मिटलेली. एकही हलत नव्हती.

"जिंकलो!" सूर्यभान ओरडला. मनकर्णाला मात्र जिंकल्यासारखं काहीच वाटलं नाही.

आबासाहेब घरी आरामखुर्चीत चहा पीत होते. त्यांनी दोन्ही बरण्या पाहिल्या, चष्मा पुसला, पुन्हा पाहिल्या.

"पोरांनो, तांबं पाणी शुद्ध करतं. वाडवडील काय वेडे होते?"

"वेडे न्हाईत, आबासाहेब," मनकर्णा म्हणाली. "तांबं शुद्ध करतंय म्हणजे जंतू मारतंय. पण पोवळ्यातले जीव तरी केवढे मोठे हायेत? त्यांनाबी मारलं त्यानं."

आबासाहेबांनी कप बशीत ठेवला. मग ते उठले आणि चप्पल घालायचंही विसरून वाचनालयाकडे निघाले. "भुजंग! ते घंगाळ आधी बाहेर काढ! कॅन किती उरलेत? सगळे आण!"

मग धावपळ! उरलेले कॅन सरळ टाकीत रिकामे झाले. सूर्यभान पाणी उपसत होता, चतुरा नळी धरून बसली होती, भुजंगकाका घामाने निथळत होते. मनकर्णा एकेका पोवळ्याकडे बघत होती. नवं पाणी पोवळ्यावरून गेलं आणि कोंबावरची तपकिरी साल दुधावरची साय सुटावी तशी अलगद सुटून तरंगू लागली. खाली पांढरं हाड.

"ताई, आता बरी होतील ना?"

मनकर्णा ती तरंगणारी साल ओंजळीने गोळा करू लागली. तांबं वाळूत मुरलं होतं, दगडांत मुरलं होतं. रोज सकाळी आणखी एक फांदी पांढरी दिसे. सलाईनची बाटली इमानाने ठिबकत होती. थेंब... थेंब... पण तो चुना घेऊन घर बांधणारं आत कुणी उरलं नव्हतं.

मामा परत आले तेव्हा वाचनालयात छोटा समारंभच होता. आबासाहेबांनी तिघांना नारळ दिले. "या मुलांची शोधक बुद्धी बघा!" ते भरल्या आवाजात म्हणाले. "आम्ही मोठी माणसं चुकलो. घंगाळ वापरायला नको होतं. शाबास, पोरांनो! परभणीचं नाव काढलंत!" टाळ्या पडल्या. सूर्यभानची छाती फुगली. भुजंगकाकांनी सगळ्यांना पेढे वाटले.

घंगाळाची चूक आबासाहेबांनी खुल्या दिलाने मान्य केली. बादलीचं नाव त्यांनी काढलं नाही.

टाळ्या थांबल्यावर मामा हळूहळू टाकीपाशी गेले. वाळले होते ते. त्यांनी भिंग काढलं आणि एकेक फांदी तपासली. खूप वेळ. मग भिंग खिशात ठेवलं.

"मामा, मी म्हणले होते ना... एकबी मरू देणार न्हाई म्हणून..." मनकर्णाला पुढे बोलता येईना. नारळ हातात धरूनच ती हमसून हमसून रडली.

"तू शोधून काढलंस की, बाळ."

"उशीर झाला!"

"हो," मामा म्हणाले. ते खोटं कधीच बोलत नसत. "उशीर झाला."

"दुसरी आणू या ना! मालवणच्या काकांना कळवा!" चतुरा म्हणाली.

"त्याची बदली झाली, चतुरा. आता पाणी कोण पाठवणार?" मामांनी बाही वर करून टाकीत हात घातला आणि पांढरीशुभ्र फांदी बाहेर काढली. ती त्यांनी मनकर्णाच्या ओंजळीत ठेवली. "हे आपल्या निवळीचं झालंय. दोन वर्षांचे थेंब हायेत हे सगळे."

फांदी हलकी होती आणि खरखरीत. मनकर्णाने डोळे पुसले. मग ती मागच्या दाराने बाहेर गेली. कडुलिंबाखाली निळी बादली उन्हात पडली होती. ऊन खाऊन तिचा रंग उडाला होता, तळाला लांब तडा गेला होता. तिने बादली झटकली, आत फांदी ठेवली आणि सगळ्यांसमोरून, पेढे खाणाऱ्या माणसांमधून, ती कडीला धरून निघाली.

"अगं, ती कशाला नेतेस?" आबासाहेबांनी प्रेमाने विचारलं. "फुटलीय ती!"

मनकर्णा थांबली.

"आमची हाय," ती म्हणाली.

आबासाहेबांच्या हातातला पेढा तसाच राहिला. मामांनी पुढे होऊन बादलीची दुसरी बाजू धरली, आणि मामा-भाची उन्हातून घराकडे चालू लागले.